बुढापाऱ्यातला थरथऱ्या

रायपूरला नोकरी करत होते तेव्हा मी सेंट लुसियात राहायची. हे गमतीने सांगत नाही. माझ्या खोलीच्या दारावर तसं लिहिलेलंच होतं, निळ्या ऑइलपेंटने, आणि अक्षरांच्या कडा सगळ्या वेड्यावाकड्या. शेजारच्या दारावर ‘डॉमिनिका’, कोपऱ्यातल्या दारावर ‘माँटसेरात’. बुढापारा या रायपूरच्या जुन्या वस्तीतला अरुंद बोळ, खाली टेलरचं दुकान, जिन्याच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर कायमची आडवी, आणि वर ही तीन बेटं. कुरिअरवाला खालून ओरडायचा, “सेंट लुसिया मॅडम, पार्सल!” आणि मी निमूटपणे गॅलरीत यायची. नाशिकला आईला पत्ता सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “घरमालक डोक्याने बरा आहे ना गं?”

घरमालक नव्हे, घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, गोरटेली बाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. नवरा गावाबाहेर उरला इथल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. बोळातले लोक त्यांना दीदी म्हणायचे, मी काकू म्हणायची. आणि आईला बरं वाटावं म्हणून मी ‘डोक्याने बऱ्या आहेत’ असं सांगितलं असलं, तरी काकूंचं डोकं हलायचं. खरोखरच हलायचं. डावीकडून उजवीकडे, बारीकसं, सतत. आणि उजवा हातही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही जणांना वयाबरोबर असा कंप सुटतो, जिवाला धोका काही नाही, त्याच्यासकट जगायचं. गोळी दिली होती. काकू म्हणायच्या, “गोळी घेतली का झोप येते, अन् हात तं झोपेतबी हालते. मंग जागंच राहिलेलं काय वाईट?”

कपबशी त्यांनी घरातून हद्दपार केली होती. चहा यायचा तो उंच स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धा. पाहुणा कलेक्टर असो की गॅसवाला, सगळ्यांना अर्धा पेला. “पूर्ण भरला तं निम्मा जमीन पिते. तिले काहून पाजू?”

भाजी घ्यायला मात्र त्यांच्याबरोबर जावं. भाजीवाला भाव सांगायचा, काकू त्याच्याकडे प्रेमाने बघत उभ्या राहायच्या, आणि डोकं आपलं नाही, नाही, नाही. तो थोडा उतरायचा. डोकं, नाही, नाही. तो आणखी उतरायचा. शेवटी एकदा एक म्हातारा काकुळतीला येऊन म्हणाला, “ले दाई, अउ कम कर देहूं, फेर मूड़ी झन हला!” आणखी कमी करतो, पण डोकं हलवू नको म्हणे. काकूंनी दोडकी पिशवीत भरली आणि वाटेत मला म्हणाल्या, “मी कुठं काही बोलली वं? सगळं त्यानंच बोललं.”

त्यांचा दुसरा उद्योग धुळीचा. रायपुरात सकाळी गच्चीवर अनवाणी चाला, तळपाय काळे होतात. उरला-सिलतऱ्याच्या लोखंड-कारखान्यांची ती बारीक काळी धूळ रात्रभर पडत असते. सगळं गाव तिला शिव्या देत झाडतं आणि नालीत टाकतं. काकू ती झाडून गोळा करायच्या, मलमलच्या फडक्यातून चाळायच्या आणि लोणच्याच्या बरणीत भरून ठेवायच्या. कपाटात अशा कितीतरी बरण्या. मी एकदा न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, “असा काळा रंग दुकानात भेटते का? चमक पाय त्याची. अन् घरपोच.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुह्ये काका गेले, पण मिल काही घरी येणं सोडून नाही राहिली.”

रंग कशाला, तर रांगोळीला. पण त्याआधी बेटांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आईसारखे गप्प बसाल.

काकूंना क्रिकेटचं वेड होतं, आणि तेही वेस्ट इंडिजचं. रेल्वे क्वार्टरमध्ये वडिलांच्या रेडिओवर त्यांनी लहानपणी ती नावं ऐकली आणि ती डोक्यात बसली. भारताशी सामना असला तरी काकू तिकडच्याच बाजूने. खालचा टेलर म्हणायचा, “दीदी, ये तो देशद्रोह है,” आणि त्या म्हणायच्या, “हव. लिही तक्रार.” खोल्यांना त्यांनी आधी बार्बाडोस, जमैका आणि अँटिग्वा अशी नावं दिलेली होती. मी राहायला आले ती अँटिग्वात.

मग एका सामन्याच्या मधल्या सुट्टीत टीव्हीवर तिथल्या एका बेटावरचं जंगल दाखवलं. आम्ही दोघी भात कालवत होतो. ओल्या, शेवाळलेल्या फांदीवर एक तपकिरी पाखरू बसलं होतं. लांब चोच, पिवळा डोळा. त्याने दोन्ही पंख खाली सोडले आणि ते थरथरायला लागलं. थांबेचना. निवेदक म्हणाला, हे असंच करतं, याचं नावच थरथरणारा.

काकू भाताच्या हाताने उभ्या राहिल्या. “अवं पाय! पाय! हे पाखरू माह्यासारखं थरथरून राहिलं, अन् कोनी त्याले गोळी देऊन नाही राहिलं!”

त्या आठवड्यात मला ऑफिसला जाणं मुश्किल झालं. फोनवर शोध, वाच, सांग. मी सापडेल तेवढं सांगितलं. या पाखरांच्या जाती दोनच, एक तपकिरी आणि एक राखाडी. कॅरिबियन समुद्रातल्या मोजक्या लहान बेटांवरच राहतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. झाडांच्या बुंध्यावर साठलेल्या पाचोळ्यात चोच खुपसून किडे शोधतात, फळंही खातात. मॉकिंगबर्ड म्हणून दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा एक प्रसिद्ध पक्षी आहे, त्याच्या नात्यातली.

“म्हणजे सगळं खानदान नकलाकार, अन् हे आपलं कोपऱ्यात थरथरून राहिलं,” काकू म्हणाल्या. “हरेक घरात एक असते. थरथरते काहून पण?”

“नक्की कोणालाच माहीत नाही. एकमेकांना काही खूण करत असतील, असा अंदाज आहे.”

“माह्या डॉक्टरसारखंच झालं. बरं, थरथरताना फांदीवरून पडते का?”

“नाही.”

“उपाशी राहते का?”

“नाही.”

“झालं तं मंग.”

काकूंनी त्याचं नाव थरथऱ्या ठेवलं. हिवाळ्यात आपल्याकडे थिरथिरा नावाचं पाखरू येतं, ते शेपटी नाचवतं, पण काकूंच्या मते ते नुसतं लाडावलेलं होतं. “त्याची शेपटी हालते. याचं सगळं अंग हालते.” आणि मग न्याय म्हणजे न्याय, ज्या बेटांवर थरथऱ्या नाही ती बेटं घरातून बाद. बार्बाडोस पुसलं, जमैका पुसलं, अँटिग्वा पुसलं. स्टूल घेऊन, मला खाली धरायला उभं करून, त्यांनी स्वतःच्या हाताने नवी नावं रंगवली. कोपऱ्यातल्या खोलीतला रेल्वेचा टीटीई बिचारा ड्युटीवरून परत आला तर त्याचा जमैकाचा माँटसेरात झालेला. माँटसेरातच्या खालून जमैकाचा ‘ज’ अजून दिसायचा.

आता रांगोळी. आमच्या मराठी मंडळाच्या अंगणात गुढीपाडव्याची मोठी रांगोळी काकूंची, हे मंडळातल्या निम्म्या सभासदांच्या जन्माआधीपासून ठरलेलं. ठिपक्यांची, आखीव, भल्यामोठ्या परातीएवढ्या कमळापासून अख्ख्या अंगणापर्यंत. वर्षभर काकूंना कोणी काही विचारत नसे, पण त्या सकाळी त्या अंगणाच्या राणी असायच्या. माझ्या तिथल्या पहिल्या पाडव्याला मी त्यांच्यामागे रंगाच्या वाट्या धरून उभी होते. कंप तोवर वाढला होता. ठिपके सुटे पडत नव्हते, रेघ सरळ जात नव्हती. काकू आणखी रांगोळी घ्यायला वळल्या, आणि आमच्या सेक्रेटरी, पुण्याहून आलेल्या, चांगल्या हुद्द्यावरच्या, नीटनेटक्या बाई, चटकन खाली वाकल्या आणि बोटाने ती रेघ पुसून सरळ केली. वाईट हेतूने नव्हे. उशीवरची सुरकुती झटकावी तशी.

काकूंनी पाहिलं. घरी येऊन अर्धा पेला चहा घेतला आणि म्हणाल्या, “पोट्ट्यायच्या वह्या तपासताना मीबी असंच पुसत होती. पण त्यायच्या समोर पुसत होती.” मला त्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा असा राग आला होता की विचारू नका.

पुढच्या पाडव्याच्या आधी मंडळाचे तिघे जण पेढे घेऊन आले. अध्यक्ष, सेक्रेटरीबाई आणि आणखी एक गृहस्थ. यंदा काकूंचा सत्कार करायचं ठरलं होतं. रांगोळी मुली काढतील, साचे आणले आहेत, छान सुबक येते. काकूंनी फक्त खुर्चीवर बसून मार्गदर्शन करायचं. शाल-श्रीफळ ही आपली फार सभ्य रीत आहे. ज्याला बाजूला सारायचं त्याला आधी शाल पांघरायची, म्हणजे त्याला गारवा लागत नाही, आणि मग हातात नारळ द्यायचा.

काकूंचं डोकं हलत होतं. अध्यक्ष विरघळून म्हणाले, “नाही कशाला म्हणता काकू? तुमचा मान आहे तो.”

“डोक्याकडे नका पाहू साहेब, मी हव म्हणून राहिली,” काकू म्हणाल्या. “सत्कार करा. फक्त मले चपलांची जागा द्या.”

चपलांची जागा म्हणजे अंगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली, जिथे लोक चपला काढतात तो फरशीचा तुकडा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची हौस. हो म्हणून गेले. दार लावल्यावर काकू मला म्हणाल्या, “मले त्या अंगणात खाली बसाचं हाय. खुर्चीवर बसवलं ना, का मंग तिथून कोनी उठू नाही देत.”

आणि त्या सरावाला लागल्या. रोज सकाळी गच्चीवर. थरथऱ्या काढायचा होता, आणि तो काही होत नव्हता. चाळीस वर्षांच्या सवयीने त्या आधी बाह्यरेषा काढायला जायच्या, आणि रेषा चोचीपाशीच भरकटायची. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं. जड तांब्याचं कडं घालून पाहिलं. उलट्या पातेल्यावर कोपर टेकून पाहिलं. कशानेही हात ऐकेना. रोज शेवटी त्या पायाने सगळं पुसून टाकायच्या आणि माझ्याकडे न बघता खाली जायच्या. मी ऑफिसात बसून हातांबद्दल काहीबाही वाचायची. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की नको हा हट्ट, चारचौघांत हसं होईल.

एका रविवारी त्या दमून तशाच बसून राहिल्या. चिमटीत तपकिरी रंग होता, गेरू आणि वाळवलेल्या चहाच्या भुकटीचा त्यांनीच केलेला. हात गुडघ्यावरून खाली लोंबत होता, आणि आपल्या मनाने हलत होता. रंग गळत होता. त्याची फरशीवर एक बारीक, तुटक, थरथरती रेघ झाली. तिच्याशेजारी दुसरी. मऊ, कडा विरत गेलेली.

आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. ते पीस होतं. कोणीही सांगितलं असतं.

“आउटलाइन पाहिजेच कोनाले?” काकू हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्या बुढापाऱ्याला ऐकू जाईल असं, “पाखराले कुठं आउटलाइन असते वं? आयुष्यभर पोट्ट्यायले खोटं शिकवलं मी!” आणि इतक्या हसल्या की खालून टेलर बाहेर येऊन वर बघायला लागला.

त्या दिवसापासून सगळं उलटं. आधी पोट, मग छाती, मग पंख, आतून बाहेर. हाताला थांबवायचं नाही, फक्त कुठे न्यायचा ते ठरवायचं. कडं काढून टाकलं. पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं. सकाळी गच्चीवरून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि बेसूर असलं तरी मला ते फार आवडायचं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुनिंब-गूळ वाटला. मुख्य दारात साच्याची रांगोळी होती आणि खरंच सुबक होती, उगाच नावं ठेवणार नाही. मग काकूंना खुर्चीवर बसवलं. अध्यक्ष बोलले. काकूंची सेवा, काकूंचं योगदान, आता काकूंनी विश्रांती घ्यावी. शाल घातली. नारळ दिला. टाळ्या झाल्या. काकू उठल्या, नारळ माझ्या हातात कोंबला, म्हणाल्या, “धर,” आणि तडक कडुनिंबाखाली गेल्या. तिथे त्यांनी खांद्यावरची शाल काढली, चौघडी केली, फरशीवर ठेवली आणि तिच्यावर गुडघे टेकून बसल्या.

“काकू, अहो शाल!” सेक्रेटरीबाई कळवळल्या.

“छान मऊ हाय,” काकू म्हणाल्या. “गुडघ्यायले बरं.”

आधी चाळणीने पांढऱ्याचा पातळ थर. मग चिमटीत तपकिरी. येणारे लोक चपला काढायला तिथे यायचे आणि थबकायचे. चपला ठेवायला जागाच नव्हती, म्हणून हातात घेऊन उभे राहायचे. पैठण्या, कुर्ते, आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या चपला. तपकिरी पोट भरलं, छातीवर फिकट होत गेलं. मग काकूंनी लोणच्याची बरणी उघडली. सिलतऱ्याची धूळ. ती चिमटीतून पडली तशी पंखांना गडद, किंचित चकाकणारी छटा आली. एक काका म्हणाले, “अरे, ये तो अपनी छत वाली कालिख है!” त्यांच्या आवाजात अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्या धुळीबद्दल अभिमानाने बोलताना मी ऐकलं. आतून माइकवरून विनंती होत होती, कृपया सभागृहात यावे, पाहुणे बोलणार आहेत. कोणी हललं नाही. काही वेळाने पाहुणेच बाहेर आले.

पंख खाली सोडलेले होते. प्रत्येक पिसाची कड विरलेली, धूसर. बघताना डोळ्याला वाटायचं, हलतंय. मी स्वतःला बजावलं की ही फरशी आहे आणि ही पूड आहे. तरी हलत होतं.

राहिला डोळा. डोळ्याला विरलेली कड चालत नाही, डोळा गोल लागतो. काकूंनी हळदीची चिमूट घेतली. हात थरथरत होता, नेहमीपेक्षा जास्त, इतके लोक होते ना. डावा हात मनगटाकडे जायला निघाला. मध्येच थांबला आणि परत मांडीवर गेला. माझ्या हातातला नारळ घामाने ओला झाला होता. काकूंनी हात खाली नेला आणि चिमूट सोडली. डोळा पूर्ण गोल आला नाही. एका बाजूला जरासा सांडला, आणि त्यामुळेच पाखरू आमच्याकडे तिरकं पाहायला लागलं.

टाळ्या नाही झाल्या. हातात चपला होत्या. त्या एकमेकींवर आपटून लोकांनी जो काही आवाज केला, तो मी कुठल्याही सभागृहात ऐकला नाही.

सेक्रेटरीबाई गर्दीतून पुढे आल्या, वाकल्या. पंखाबाहेर एक पीस भरकटलं होतं, त्यांचं बोट सवयीने तिकडे गेलं.

“पूस ना,” काकू म्हणाल्या. “आता मी समोर हावो.”

बाईंचं बोट हवेतच राहिलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणजे त्यांना मागच्या वर्षीचं आठवत होतं, आणि काकूंना ते माहीत होतं हेही आत्ता कळलं होतं. “नको काकू,” त्या म्हणाल्या. “ते तिथेच बरोबर आहे.” मग त्या जरीच्या साडीसकट खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मला एक पीस काढू द्याल?”

काकूंनी शालीची घडी उलगडून निम्मी त्यांच्याकडे सरकवली. बाईंनी चिमूट घेतली आणि एक पीस काढलं. सरळ, स्वच्छ, एकसारखं. झाडूच्या काडीसारखं.

“हात हालव ना वं!” काकू ओरडल्या. “असा मुर्दाड काहून धरला?”

रायपूर सोडण्याआधीचा माझा शेवटचा पाडवा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. साचे माळ्यावर गेले होते. अंगणभर बायका घड्या घातलेल्या शालींवर गुडघे टेकून बसल्या होत्या. मंडळात सत्कार इतके झालेले, शालींना तोटा नव्हता. प्रत्येकीची चिमूट रंगाने भरलेली, आणि प्रत्येक जण जिवाच्या आकांताने हात थरथरवायचा प्रयत्न करत होती. इंजिनीअर, डॉक्टर, बँक मॅनेजर, सगळ्या. सेक्रेटरीबाईंना बरं जमायला लागलं होतं. काकू मधून फिरत होत्या, डोकं नाही-नाही हलवत, कुणाचं समोरासमोर पुसत, कुणाला अर्धा पेला चहा देत. माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझ्या थरथऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझा हात काही केल्या थरथरत नव्हता.

“तुह्या हाताले काय झालं वं?” काकू काळजीने म्हणाल्या. “डॉक्टरले दाखवलं का?”